सकुआक्काच्या तीन बैठका

रंजनाने पर्याय तीन काढले खरे, पण मनापासून काढला तो एकच. बाकीचे दोन त्या एकाच्या शोभेसाठी होते.

ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती. मुरबाडच्या बाजारात साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी एक विटकी साडी काढतो. मग एक भडक, डोळ्यांवर येईल अशी. आणि गिऱ्हाईक चुळबूळ करू लागलं की तिसरी हळूच उलगडतो, आणि बाईचा हात आपसूक पदरावर जातो. रंजनाने आजवर स्वतःच्या पसंतीने ज्या थोड्या साड्या घेतल्या, त्या सगळ्या अशाच तिसऱ्या. दुकानदाराला जमतं ते आपल्याला का जमू नये, असं तिला वाटलं, आणि सुरुवात तिथेच चुकली.

मुरबाडला एका संस्थेने बायकांसाठी सुतारकामाचा वर्ग काढला होता. शिकवायला अक्षय सर. वाशिंदहून मोटारसायकलवर यायचे, वयाने रंजनाच्या भाच्याएवढे, पण कानावर पेन्सिल खोचली की एकदम सर दिसायचे. शेवटच्या कामासाठी त्यांनी नियम घातला होता. ओळखीतल्या एका माणसाची अडचण शोधायची. त्या अडचणीसाठी वस्तूचे तीन वेगवेगळे आराखडे काढायचे. ते त्या माणसाला दाखवायचे, त्याने निवडलेला सोमवारी पाहुण्यांसमोर मांडायचा. मंजूर झाला तर सागवान मिळणार, वस्तू करायची, प्रमाणपत्र घ्यायचं. नामंजूर झाला तर पुढच्या तुकडीत पुन्हा या.

बाकीच्या बायकांना पुढची तुकडी होती. रंजनाला नव्हती. घरून सुट्टी मिळाली होती ती भाताच्या आवणीपर्यंत. एकदा रोपं उपटायला आली की सून शेतात हवी, करवतीवर नाही, हे सासूने वर्गाच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तीन आराखड्यांचं ऐकून तर ती म्हणाली होती, "ज्याला एक धड येत नाय तो तीन काढतो." नवरा हरेश तसा समजूतदार, एमआयडीसीत कामाला. त्यालासुद्धा कोडंच पडलं. "एकच करायचंय ना? मग बाकीचे दोन काय लग्नातल्या करवल्या हायेत?"

करवल्याच होत्या. त्याला कुठे माहीत!

अडचण शोधायला रंजनाला लांब जावं लागलं नाही. तिची थोरली नणंद सकुबाई टोकावड्याच्या अलीकडे वाल्मिकशेटच्या ढाब्यावर भाकऱ्या करायची. माळशेजला जाणाऱ्या गाड्या 'चुलीवरची भाकरी' ही पाटी वाचून थांबायच्या, आणि ती चूल म्हणजे सकुआक्का. मागच्या पडवीत सकाळपासून उकिडवी बसलेली. बुडाखाली एक चपटा ओंडका, पुढ्यात जमिनीवर परात, परातीवर वाकून वाकून तांदळाची भाकरी थापायची. संध्याकाळी उठायची वेळ आली की आधी भिंत धरायची, मग कुणाचा तरी हात, आणि मग देवाचं नाव घेऊन एकदम उभी राहायची. गुडघ्यांचा आवाज चुलीतल्या ओल्या लाकडासारखा यायचा.

तर आक्कासाठी बैठक. पहिला पर्याय: साधा पाट, खाली दोन ठोकळे. ही विटकी साडी. तिसरा पर्याय: चौकोनी खोका, ना रूप ना रंग, धान्याच्या पेटीला झाकण लावावं तसा. ही दुसरी साडी, बघताच नको वाटेल अशी. आणि मधला! मधल्याला चार कातीव पाय, मागे कमानदार पाठ, पाठीच्या मधोमध भाताची एक लोंबी कोरलेली. पाठ टेकायला, रूप बघायला. ती लोंबी रंजनाने इतक्या वेळा खोडून काढली होती की कागद तिथे विरला होता. सरांनी वर्गाच्या ग्रुपवर त्या कागदाचा फोटो टाकला, तेव्हा स्वयंपाक करता करता तिने तो इतक्यांदा उघडून पाहिला की आमटी खाली लागली.

शनिवारी वर्गाला जाताना ती ढाब्यावर उतरली. तिन्ही कागद गुंडाळीतून काढले, पडवीच्या भिंतीला टेकवले, मधला जरा पुढे. आपल्या माणसासमोर असं काही मांडायची सवय नव्हती.

"आक्का, तुमच्यासाठी बैठक करनार हाय मी. यातली कुठली आवडते सांगा."

सकुआक्काने पिठाचे हात वर धरून तिन्हीकडे पाहिलं. मधल्यावर तिची नजर थांबली. थांबलीच, रंजनाने नीट पाहिलं. मग ती हसली आणि पाटाकडे हनुवटी उडवली.

"ह्यो बरा."

"पाट?"

"हां. पाट काय वाईट हाय?"

"आक्का, पाट तर… तुमी आत्ता ज्याच्यावर बसता तो आन् हा, फरक काय?"

"मंग बरंच की. सवय हाय." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुझं काम पन कमी. जा गो, गाडी चुकंल तुझी."

जीपमध्ये बसल्यावर रंजनाच्या लक्षात आलं ते हे: साडीच्या दुकानात निवडणारी बाई गिऱ्हाईक असते. आक्का गिऱ्हाईक नव्हती. आक्काला कुणीतरी काहीतरी देत होतं, आणि देणाऱ्यापुढे आपल्याकडची बाई हात कधी चांगल्या वस्तूवर टाकत नाही. पंगतीत विचारा, काय वाढू? ती म्हणणार, कालचा भात चालंल. रंजनानेही जन्मभर तेच केलं होतं. परवाच हरेशने विचारलं होतं, जत्रेतून काय आणू, आणि ती "काय पन" म्हणाली होती. काय पन म्हणून तो खरंच काय पन घेऊन आला. प्लास्टिकचं फूल, पाणी न लागणारं.

वर्गात सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"ताई, पाट निवडला म्हणजे पाटच मांडावा लागेल. पण पाहुण्या विचारणार, अडचण कुठे सुटली? आक्का आत्ताही तशाच ओंडक्यावर बसतात. पाटासाठी मी सागवान कसं मागू?"

"मंग मधला मांडते."

"त्यांनी तो निवडला नाही ना. तुमचं तुम्हीच ठरवायचं तर तीन कशाला काढायला लावले मी?" सर वाईट माणूस नव्हते, खाली बघत बोलत होते. "शहापूरहून भूमिका मॅडम येतायत. त्यांचा स्वतःचा फर्निचरचा कारखाना आहे. त्या पहिलाच प्रश्न हा विचारतील, कोणी आणि का निवडलं."

रंजनाच्या हातातला रंधा जड झाला. सोमवार मध्ये फक्त रविवार टाकून उभा होता. पाट मांडला तर नापास, मधला मांडला तर खोटेपणा, आणि दोन्हीकडून शेवट एकच, चिखल आणि आवणी. त्या दिवशी तिने फळीवर जो रंधा मारला त्याला सरळ म्हणायचं धाडस कुणी केलं नसतं.

हौशी शेजारच्या बाकावर होती. मुरबाडजवळच्या कातकरी वाडीवरची, वर्गात सगळ्यात साफ रंधा तिचा आणि सगळ्यात फटकळ तोंडही तिचंच. ती पांगुळगाडा करणार होती, तिच्याच धाकट्यासाठी.

"तू इचारलंस कशाला पन?" हौशी म्हणाली.

"इचारायचंच सांगितलंय."

"तू इचारलंस म्हनून ती खोटं बोलली. माझ्या पोरानं कुठला पांगुळगाडा निवडला ठाव हाय का? तिन्ही भंगार फळ्यांचे ठोकून पुढं ठेवले. दोन चावले, एक ढकलला. ढकलला तो घेतला." तिने भुसा फुंकला. "बाईला इचारू नको. पुढं ठेव आन् तोंड फिरव."

आंब्याचे दिवस. बाजाराच्या मागे रिकाम्या पेट्यांचा ढीग पडला होता. दुपारभर दोघींनी त्या पेट्यांच्या फळ्यांतून तिन्ही बैठका ठोकल्या, खऱ्या मापाच्या, पण रूपाने अगदीच भिकारड्या. कातीव पायांच्या जागी झाडूचे दांडे. लोंबी रंजनाने खडूने काढली. हौशीने ती बघितली, मग रंजनाकडे बघितलं, आणि पुढचा खिळा ठोकायला घेतला.

रविवारी सकाळी भाजीच्या टेम्पोतून तिन्ही बैठका ढाब्यावर उतरल्या. वाल्मिकशेट गल्ल्यामागून उठून आला.

"काय गो, फर्निचरचं दुकान टाकतेस का माझ्या ढाब्यात?"

"आजच्या दिवस राहू द्या शेट. सरांचं काम हाय."

"कुठले सर? मी पन या ढाब्याचा सरच हाय." म्हणत तो मधल्या बैठकीवर बसला, पाठ टेकली, झाडूचे दांडे कुरकुरले. "ही झ्याक हाय. ही गल्ल्यापाशी पायजे मला."

"ती आक्काची हाय," रंजना पटकन म्हणाली, आणि मग घाबरली, कारण रविवारी शेटला चिडवून चालत नाही. तो मात्र हसत उठला. "घे बाबा. सकुबाई, तुमची वैनी तुमाला राजाच्या गादीवर बसवनार आज."

"वैनी नाय, भावजय," आक्का चुलीपासूनच म्हणाली. "आन् राजाच्या गादीवर बसून भाकरी कोन थापनार, तू?"

रंजनाने तिन्ही बैठका चुलीभोवती ठेवल्या, कांद्याची टोपली ओढली आणि आक्काकडे पाठ करून कांदे सोलायला बसली. पाठ केली तरी कान मागेच होते. समोर स्टीलचा पिंप होता. त्यात पडवी वाकडीतिकडी का होईना, दिसत होती.

बराच वेळ काही झालं नाही. आक्का आपल्या ओंडक्यावर. कांदे संपत आले, डोळे गळायला लागले, आणि पाणी कांद्याचं किती आणि स्वतःचं किती हे रंजनालाच सांगता आलं नसतं. आज आक्का ओंडक्यावरून उठलीच नाही तर उद्या सांगणार काय? पर्याय तीन, आणि बाई चौथ्यावर.

मग गाड्या आल्या. एकापाठोपाठ तीन, पोरंबाळं, चष्मे, "आंटी, भाकरी किधर बनता है" म्हणत मोबाईल घेऊन पडवीत शिरलेली माणसं. पिठाचा डबा आणायला आक्का उठली, आणि परत आली तेव्हा ओंडक्यावर कुणाचंसं पोर बसलं होतं. आक्काने इकडेतिकडे पाहिलं. रंजना पिंपात डोळे घालून बसली.

आक्का मधल्या बैठकीवर बसली.

बसली, परातीकडे वाकली, आणि वळताना तिचं कोपर कमानीवर आपटलं. "आई गं." एक भाकरी झाली, दुसरीला पुन्हा कोपर. तिने उठून बैठक पायाने बाजूला सारली, खांद्यावरचं फडकं काढलं आणि वाळत घालावं तसं कमानीवर, लोंबीच्या बरोबर वर, टाकून दिलं.

रंजनाच्या हातातला कांदा टोपलीत पडला.

आता खोका. आक्का खोक्यावर बसली. उंच, सोयीचं, गुडघे मोकळे. रंजनाला वाटलं, निदान हे तरी. पण आक्काने खाली परातीकडे पाहिलं आणि निखारा लागल्यासारखी उठली.

"अगो माजे बाय. परातीच्या वर बसले की मी!" तिने परातीला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. "अन्न खाली आन् बूड वर. काय तरी."

हे रंजनाला कसं सुचलं नव्हतं, देव जाणे. तिच्या घरी सासू खाटेवर बसून ताट घेत नाही, घेऊ देत नाही. जन्मभर पाळलेली गोष्ट, आणि कागदावर पेन्सिल टेकल्याबरोबर ती पार विसरली. कागदावर परात नव्हतीच. तिन्ही आराखड्यांत नुसती बैठक होती, पांढऱ्या कागदावर तरंगणारी, जणू आक्का तिथे हवा खायला बसणार होती.

बाहेरून शेट ओरडला, "सकुबाई, सहा भाकऱ्या! लोक पानं चावत्यात!"

आक्काला विचार करायला वेळ नव्हता, आणि तेच बरं झालं. तिने परात उचलून खोक्यावर ठेवली. पाट ओढला, त्यावर बसली. परात आता फार वर गेली. मग तिने एका हाताने गोणपाट ओढून घडी केली, पाटावर टाकली, पुन्हा बसली. आणखी एक घडी. आता परात पोटाशी आली. तिने थापायला सुरुवात केली, न वाकता. आणि दोन-तीन भाकऱ्या झाल्यावर, कुणाला सांगून नव्हे, डावा पाय हळूहळू खोक्याच्या बाजूने पुढे सरकवला. तो सरळ झाला. चुलीपुढे आक्काचा पाय सरळ झालेला रंजनाने कधी पाहिला नव्हता.

"हां," आक्का म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, बहुतेक पायालाच.

गाड्या गेल्यावर रंजना जपून जवळ गेली आणि वितीने मोजू लागली. पाट, गोणपाटाच्या दोन घड्या: एक वीत आणि वर चार बोटं. खोका: दोन विती, थोडा कमी. सगळं तिने हातावर पेनाने लिहून घेतलं.

"बरा हाय ना पाट?" आक्का म्हणाली. "मी कालच सांगितलं व्हतं."

"आन् हे?" रंजनाने खोक्यावर हात ठेवला.

"ते काय, परात ठेवायला घेतलंय. नेशील तवा ने."

घरी येऊन तिने सरांना फोन लावला. सरांचा आवाज आधी उत्साहाने चढला, मग उतरला. "ताई, निरीक्षण एक नंबर. पण हे एक नाही, दोन झाल्या वस्तू. एका बाईला एकाच वस्तूचं लाकूड आहे. आणि खरं सांगू? मॅडमनी ग्रुपवरचा फोटो पाहिलाय. तो मधला. त्यांना फार आवडलाय. तुम्ही तो मांडलात तर… मी काही सांगत नाही. तुम्ही ठरवा."

ठरवा म्हणणारी माणसं भली असतात, पण रात्रीची झोप तीच नेतात. जेवताना तिने भातात आमटीऐवजी ताक ओतलं. हरेशने ताटाकडे पाहिलं. "उद्या काय फाशी हाय का तुला?"

"लाकूड मिळतंय का नाय ते ठरनार."

"नाय मिळालं तर?"

ती ताकभात कालवत राहिली. सासू भाजी वाढत म्हणाली, "नाय मिळालं तर आवनी हायेच." ती वाईट बोलत नव्हती. तिला ती खरंच सोय वाटत होती.

सोमवारी वर्गातले बाक भिंतीला लावले होते. समोर भूमिका मॅडम, पस्तिशीच्या, केस वर बांधलेले, नखांत लाकडाचं पॉलिश अडकलेलं. ते पाहून रंजनाला जरा धीर आला. नखं स्वच्छ असती तर ती उभीच राहू शकली नसती. शेजारी संस्थेचे एक गृहस्थ, ज्यांना दुपारची गाडी गाठायची होती. हौशीचा पांगुळगाडा चुटकीसरशी मंजूर झाला. "एक ढकलला आणि दोन चावले," ही तिची गोष्ट सांगून होईस्तोवर मॅडम हसत होत्या.

मग रंजना. उठताना कागद घसरले, उचलताना उलटे लागले, आणि पहिला समोर आला तो मधला. लोंबी.

"हाच तो!" मॅडम पुढे वाकल्या. "रंजनाताई, हा फार सुंदर आहे. शहापूरला पुढच्या महिन्यात आमचं प्रदर्शन आहे. हा करा, तुमच्या नावासकट मी तिथे ठेवते. सर, याला लाकूड लगेच देऊ शकतो ना?"

सरांनी मान हलवली. हौशीने भिंतीकडे तोंड केलं. रंजनाच्या डोळ्यांपुढे काचेमागची बैठक आली, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तिचं नाव, आणि ते वाचणारी सासू, जिला वाचता येत नव्हतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"आक्का याच्यावर बसल्या नाय," ती म्हणाली.

"बसल्या नाहीत? म्हणजे?"

"बसल्या. पन कोपर लागलं. मग त्यांनी याच्यावर फडकं वाळत घातलं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. संस्थेच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं.

"कमान जरा खाली घेतली तर?" मॅडमनी विचारलं.

"नुसती बैठक करून भागतच नाय. बैठक वर गेली की परात खाली राहते. परातीच्या वर बसायचं नाय आमच्यात. बसलं तर त्या लगेच उठत्यात. मी बघितलं." आता बोलणं सुरू झालं होतं आणि थांबवता येत नव्हतं, उतारावरून जीप सुटावी तसं. तिने हातावर पेनाने लिहिलेली मापं पुढे केली, घामाने अर्धी पुसलेली. "पाट एक वीत चार बोटं. परात याच्या वर, या खोक्यावर. मग पाय असा सरळ होतो."

आणि तिथेच, पाहुण्यांसमोर, साडी सावरून ती जमिनीवर बसली आणि डावा पाय सरळ करून दाखवला. बसल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. उठायचं कसं हे मात्र सुचेना.

मॅडम हसल्या नाहीत. त्या पायाकडे बघत होत्या.

"हे प्रदर्शनात नाही ठेवता येणार मला," त्या शेवटी म्हणाल्या. "चुलीपाशी काळं होणार, तेलकट होणार. आणि या दोन वस्तू आहेत. लाकूड एकीपुरतं. त्यात बसतंय हे दाखवलंत तर द्यायला माझी हरकत नाही. नाही बसलं तर मधला करा. आत्ताच दाखवा, कागदावर नको."

सागवानाच्या दोन फळ्या जमिनीवर मांडल्या गेल्या. रंजनाने खडू घेतला, काटकोन बघायचा गुण्या लावला, आखायला सुरुवात केली. पाट बसला. पाटाचे ठोकळे बसले. खोक्याचं वरचं फळकट बसलं. एक बाजू, दुसरी बाजू, पुढची. आणि फळी संपली. चौथी बाजू कुठेच नव्हती. तिने पुसून पुन्हा आखलं. पुन्हा तीनच. तिसऱ्यांदा आखताना खडू मोडला, आणि तुकडा घरंगळत मॅडमच्या पायापाशी गेला.

सर पुढे झाले, मॅडमनी हाताने थांबवलं.

रंजना टाचांवर बसली. डोळे मिटले. आक्का पाटावर. आक्कापुढे खोका. खोक्याची आक्काकडची बाजू, तिला कोण बघतं? आणि ती नसली तर उजवा पायसुद्धा आत जाईल.

"आक्काकडची बाजू उघडीच ठेवते," ती म्हणाली.

"डुलेल," मॅडम लगेच म्हणाल्या. "तीन बाजूंवर परात, वर थापणं. आठवड्यात हलायला लागेल."

"खाली पट्टी घालते. आडवी. या उरलेल्या कडेची."

"पट्टी पायाला लागेल."

"लागंल," रंजना म्हणाली. मग जरा विचार करून, "पन जमिनीलगत घातली तर पाय वरून जातो."

मॅडमनी खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी थांबल्या. "इथे करवतीच्या जाडीचं माप धरलं नाहीये तुम्ही. पाटाचे ठोकळे बोटभर बुटके होतील."

"गोनपाट टाकतात त्या."

"मग टाकू द्या," मॅडम उठल्या. "सर, द्या यांना लाकूड. लोंबीचा कागद मला द्याल का? दुसऱ्या कुणाकडून करून घेईन मी. नाव तुमचंच लावेन, चालेल?"

रंजनाने कागद दिला. तो देताना तिच्या हाताने जरा उशीर केला, एवढंच. चालेल का याचं उत्तर तिने "काय पन" असं दिलं नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "लोंबी मी कोरनार. बाकी कुनी पन करू द्या." मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, "बघू," म्हणाल्या, आणि निघाल्या. बघू म्हणजे हो की नाही, हे शहापूरच्या माणसांचंही कळत नाही.

लाकूड मात्र खरं होतं. बाकावर पडलं होतं, थंड, जड, तिचं. आणि आता खरी भीती सुरू झाली. आंब्याच्या पेटीची फळी चुकली तर दुसरी होती. याला दुसरी नव्हती. तिने टेप लावला. पुन्हा लावला. गुण्या फिरवून उलट्या बाजूनेही लावला.

"माप बदलनार हाय का ते, सारखं मोजून?" हौशी फळीचं दुसरं टोक धरून उभी होती. "माझा हात भरून आला."

"चुकलं तर?"

"चुकलं तर आक्काला आनखी एक गोनपाट." हौशीने फळी घट्ट दाबली. "चालव गो."

रंजनाने अंगठ्याच्या पेराला टेकवून करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाला धरली. पहिल्या ओढीला ती घसरली, कडेला पांढरा ओरखडा उठला. तिने करवत उचलली, पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा टेकवली. या वेळी दातांनी लाकूड धरलं. भुसा हौशीच्या पायावर पडू लागला, आणि रेघ अजून तरी सरळ चालली होती.